लायल ब्रॉकमनला मिळालेले अठ्ठावन्न हजार

लायल ब्रॉकमन लिलाव पुकारायला उभा राहिला की रानातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं लोक म्हणत. म्हणजे लायल सांगे, की लोक म्हणतात.

बाप ऑर्व्हिल हाही लिलाववाला. लायल पोरवयात ट्रॅक्टरवर बसून कुंपणाच्या खांबांना बोली विचारत जाई. एकेका खांबाला किंमत चढवायची आणि शेवटच्याला माल देऊन टाकायचा. चौदाव्या वर्षी बापानं त्याला गवताच्या गाडीवर उभं केलं आणि पान्यांनी भरलेला खोका हातात दिला. तो खोका त्यानं सात डॉलरला विकला, तिथून आजवर खाली उतरला नाही.

आयोवाच्या त्या दक्षिण अंगाला म्हातारं माणूस मेलं किंवा पोरांनी त्याला शहरात नेऊन ठेवलं, की घरातलं सगळं अंगणात येतं. नांगर, कपाटं, लोणच्याच्या बरण्या, लग्नातले फोटो. लायल एकेक उचलून विके. एकदा मयताची कवळी बटणांच्या डब्यात राहून गेली, तीही दीड डॉलरला खपली. रोंडा त्याला भेटली तीसुद्धा अशीच. त्याच्याकडून घेतलेल्या शिवणयंत्राला एक पाय कमी निघाला, म्हणून भांडायला आली होती. पाय काही सापडला नाही. लग्न झालं.

असं तीस वर्षं लायलनं साऱ्या मुलखाच्या घरांची आतडी बघितली. आपल्या घरात मात्र कुणाची नजर जाऊ दिली नाही. तिकडचा माणूस बायकोचं दुखणं सांगेल, पोरगा तुरुंगात का गेला तेही सांगेल, पण आपण किती कमावतो हे मरेपर्यंत सांगणार नाही. लायल तर त्यातला महामेरू.

आणि सांगण्याजोगं उरलंही नव्हतं. गेल्या दोन वर्षांत पोरं बापाचा ट्रॅक्टर फोनवरच विकायला लागली. फोटो काढला, टाकला, गेला. अंगणात गर्दी नको, चिखल नको, लायल नको. वर्षाला पन्नासेक लिलाव करणारा माणूस नऊवर आला. तरी शनिवार उजाडला की तो टोपी घालून, डबा घेऊन ट्रक काढायचा. लिलाव असला तर लिलावाला, नसला तर नदीकाठी पुलाखाली. तिथं बसून सँडविच खायचं, चार वाजता घरी यायचं, आणि "काय गर्दी, काय गर्दी" म्हणत बूट काढायचे. हे कुणालाच ठाऊक नाही, अशी त्याची खात्री होती.

त्याच्या पोरीचं नाव डेलेनी. शाळेचं शेवटचं वर्ष. तिला दगडांचा अभ्यास करायचा होता.

"दगडांचा?" लायलनं विचारलं. "आगं, आपल्या रानातलं दगड येचायला म्या तुला फुकाट शिकवलं असतं."

"वेचायचे नाहीत डॅड. ते कुठून आले, ते शोधायचंय."

"वरच्या शेजाऱ्याच्या रानातनं आलं. त्येला इचार."

पण पोरगी हुशार निघाली. तीन तासांच्या अंतरावरच्या टँबलिन कॉलेजात दगडांचं मोठं नाव होतं, तिथं तिला प्रवेश मिळाला. वर्षाचा खर्च अठ्ठावन्न हजार डॉलर. मार्चात कॉलेजकडून खर्चाच्या मदतीचं पत्र आलं, ते रोंडानं ती काम करते त्या वृद्धाश्रमाच्या मशीनवर छापून आणलं. वरती ठळक अक्षरांत अभिनंदन. खाली लिहिलं होतं की तुम्हाला पुढील रकमा बहाल करण्यात येत आहेत. मग चार ओळी, त्यांची बेरीज अठ्ठावन्न हजार, आणि तळाशी 'बाकी: शून्य'.

लायलनं फक्त तळ वाचला. लिलाववाल्याला शेवटचा आकडा तेवढा कळतो.

"ही चौथी वळ कसली गं?" रोंडानं बोट ठेवलं. "'पालक प्लस, एकोनीस हजार.' आपल्याला कशापायी देत्यात?"

"वाढवली न्हाई व्हय आपन तिला? त्येचं आसंल," लायल म्हणाला आणि फोनकडं वळला.

त्या शनिवारी खरोखरचा लिलाव होता. मक्याची कापणी यंत्रं संपली, गायींची लोखंडी फाटकं संपली आणि मध्येच लायलनं माइक तोंडाशी धरून सांगून टाकलं, "आता ज्येची बोली न्हाई आशी येक गोष्ट सांगतो! माझ्या डेलेनीला कॉलेजानं अठ्ठावन्न हजार बहाल केलं! माझ्याकडं बाकी किती? शून्य! येकवार शून्य, दोनवार शून्य, तीनवार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी पाठीवर थाप मारली. एकानं त्या भरात गंजलेली खताची गाडी वीस डॉलर जास्त देऊन घेतली.

लिलावात चर्चच्या बायका पाय विकायला बसतात. पाय म्हणजे फळं भरून भाजलेली जाड कडांची पोळी. तिथं आर्डिस म्हातारी चेरीचा तुकडा कापत होती.

"लायल, त्या पत्रात 'प्लस' आसं कुठं लिवलंय का रं?"

"लिवलंय की. मायबापांसाठी येगळं दिल्यात."

आर्डिसनं सुरी पुसली. "आमच्या नॅन्सीलाबी दिलं व्हतं. पोरगं शिकलं, लगीन झालं, त्येला दोन पोरं झाली. नॅन्सी आजून फेडतीया."

"फेडतीया?"

"कर्ज हाय त्ये, मर्दा. तुझ्या नावावरचं. क्रीम घालू का वर?"

लायलनं क्रीम घालून घेतलं. खाल्लंही. मग उरलेला माल पुकारला, पण लोकांना त्या दिवशी बऱ्याच गोष्टी स्वस्तात मिळाल्या.

घरी आल्यावर त्यानं पत्र टेबलावर टाकलं. "डेलेनी, ह्ये वाच मला. वरनं."

"मी परवाच सांगणार होते," डेलेनी म्हणाली. "पण तू सगळ्यांना फोन करत होतास. नंतर रॉजर काकाकडे सांगायला गेलास." तिनं पेन्सिल घेतली. "हे एकतीस हजार कॉलेज देतंय. हे खरे. परत द्यायचे नाहीत. हे साडेपाच हजार माझं कर्ज, शिकून झाल्यावर मी फेडायचं. हे अडीच हजार मी तिथं काम करून कमवायचे. केले तर मिळतील, नाही केले तर नाही. आणि हे एकोणीस हजार तू काढायचं कर्ज."

"चार वर्सांचं मिळून?"

"दरवर्षी."

लायलला आकडेमोड शिकवावी लागत नव्हती. "श्याहत्तर हजार," तो म्हणाला. "आन् याजाचं येगळं. आन् ह्येला त्ये मदत म्हनत्यात?"

"बहाल म्हनत्यात," रोंडा म्हणाली.

"आपल्याला येवढं कमी कसं दिलं?"

डेलेनीनं आईकडं बघितलं. मग म्हणाली, "ते दोन वर्षांपूर्वीची कमाई बघतात, डॅड. तेव्हा टॉलिव्हरचा लिलाव झाला होता."

टॉलिव्हर म्हाताऱ्यानं आयुष्यभर ट्रॅक्टर गोळा केले होते. तो गेला तेव्हा पूर्ण दोन दिवस पुकारा चालला होता, पाच राज्यांतून माणसं आली होती. लायलच्या जन्मातली ती सर्वांत मोठी कमाई. म्हणजे कॉलेजच्या लेखी ब्रॉकमन कुटुंब खाऊनपिऊन सुखी होतं आणि दरवर्षी एक टॉलिव्हर मरत होता.

"कमाई पडली असेल तर तसं सांगता येतं," डेलेनी म्हणाली. "ते पुन्हा हिशोब करतात. एक मेच्या आत त्यांना हो की नाही कळवायचंय. नाही झालं तर मी इथल्या सरकारी कॉलेजात जाईन. तिथं दगडांचा विषय नाही, पण हिशोब शिकता येईल."

"काय पडलंय?" लायल उखडला. "कायबी पडलं न्हाई. भाव करायचा आसतो, येवढंच. पयली किंमत कुनीबी खरी सांगत न्हाई. आपन जाऊ आन् बोलू."

एप्रिलात दोघं ट्रकनं गेले. कचेरीत पेट्राकिस नावाच्या बाई होत्या. चष्मा डोक्यावर, टेबलावर अर्धं सफरचंद. लायलनं टोपी काढली, खुर्ची पुढं ओढली आणि सुरुवात केली.

"बाई, पोरगी तुमी बघितलीय. माल चोख हाय. तुमी येकतीस म्हनताय. म्या पन्नास म्हनतो. बोला."

"मिस्टर ब्रॉकमन, इथं बोली लागत नाही."

"बरं, पंचेचाळीस."

बाई काहीच बोलल्या नाहीत. लायल आपल्या धंद्यात गप्प माणसाला घाबरत नसे, उलट त्यालाच लवकर गाठी. पण ही बाई डोळ्यानंही इशारा करीना. "चव्वेचाळीस," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"मदतीच्या अर्जातल्या त्या वर्षानंतर तुमच्या परिस्थितीत काही बदल झालाय का? झाला असेल तर मी बघू शकते. कामधंदा कसा चाललाय?"

"झक्कास!" लायल म्हणाला. तोंडातून ते आपोआपच निघालं. "शनिवार येक रिकामा न्हाई. लोकं रांगा लावत्यात."

पेट्राकिसबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मग आमचा हिशोब बरोबरच आहे म्हणायचा."

"बरोबर कसा आसंल? येकोनीस हजार कुटनं आनू म्या?"

"तुमचा धंदा झक्कास चाललाय, असं आत्ता तुम्हीच म्हणालात."

लायल पोरीकडं वळला. "तू जरा ट्रकमदी जाऊन बस."

"विद्यार्थिनी मी आहे, डॅड. सही माझी लागते. मी बसणार."

खोलीत घड्याळ नव्हतं, नाहीतर लायलनं तेच बघितलं असतं. त्यानं टोपीची कड पूर्ण फिरवून बघितली. ज्या माणसाचा आवाज विनामाइक तीन शेतं ओलांडत असे, त्याला आता टेबलापलीकडच्या बाईला ऐकू जाईल इतकाही काढता येईना.

"नऊ," तो म्हणाला.

"माफ करा?"

"नऊ लिलाव. गेल्या साली. आदी पन्नास व्हायचं."

"आणि त्यातून किती मिळाले?"

त्यानं आकडा सांगितला. पोरीसमोर, परक्या बाईसमोर, दिवसाढवळ्या. बाईंनी भुवईही हलवली नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत असले तीन-चार आकडे ऐकून झालेले असावेत. त्यांनी तो लिहून घेतला आणि म्हणाल्या, "हेच मला पत्रात लिहून द्या. धंदा का उतरला, कधीपासून, आणि गेल्या वर्षीचा कराचा कागद सोबत जोडा. रंगवून लिहू नका. मोठं पत्र वाचायला मला वेळ नसतो."

ट्रकमध्ये बसल्यावर लायल म्हणाला, "आईला सांगू नगंस. शनिवारी तिला वाटतं..."

"तिला माहीत आहे."

"काय माहीत हाय?"

"पुलाखाली तुझा ट्रक शाळेच्या बसमधून दिसतो, डॅड. आमच्या सहली शनिवारीच असतात. आई म्हणाली, त्याला बोलू नका. चार वाजेपर्यंत बसतो तर भूक लागेल म्हणून दोन सँडविच द्यायला लागली."

लायलनं ट्रक सुरू केला. "मला वाटलं, पाव मोठा यायला लागला म्हनून दोन," तो म्हणाला.

पत्र डेलेनीनं लिहिलं. लायलनं सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, 'आमचा धंदा पाच राज्यांत नावाजलेला आहे.' ते तिनं खोडलं. उरलेलं अर्ध्या पानात बसलं आणि लायलनं वाचून खाली सही केली.

एप्रिल संपता संपता दुसरं पत्र आलं. ह्या वेळी लायलनं पेन्सिल कानामागून काढली आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. अभिनंदन खोडलं. कॉलेजचे एकतीस हजार आता बेचाळीस हजार पाचशे झाले होते. त्याखाली दोनदा रेघ मारली. डेलेनीचं कर्ज होतं तसंच. तिच्या कामाचे अडीच हजार होते तसेच. पालक प्लस: साडेसात हजार. तळाशी पुन्हा बाकी शून्य. त्यानं शून्य खोडून तिथं साडेसात लिहिलं.

"ह्ये कर्ज म्या काढनार न्हाई," तो म्हणाला.

रोंडानं हात पुसले. "मंग पोरीला न्हाई म्हन. उद्या परवात कळवायचंय."

"न्हाई कशाला म्हनायचं? त्ये हप्त्यानं घेत्यात काय, इचार."

डेलेनीनं विचारलं. घेत होते. महिन्याला साडेसातशे, दहा हप्ते. लायलनं पेन्सिल कानामागं ठेवली, टोपी घेतली आणि शाळेच्या बसडेपोत गेला. तिथं बसचा कारभार बघणारा डुएन व्होस बसला होता. हा डुएन म्हणजे मुलखाचा भोंगा. त्याला सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत दुधाच्या गाडीबरोबर गावभर पोचे.

"लायल! अठ्ठावन्न हजारवाला! इकडं कुटं?"

"अठ्ठावन्न न्हाई. साडेबेचाळीस. तुला डायवर पायजे म्हनून पाटी लावलीस न्हवं? मोठ्या गाडीचं लायसन हाय माझ्याकडं."

डुएन हसायला लागला, मग थांबला. "खरंच म्हनतोस? सकाळ-संध्याकाळची फेरी हाय. पगार बरा हाय, पन त्यात मोठंपन न्हाई. आन् शनिवारी पोरांस्नी सामन्याला न्यावं लागतं. त्येचं जादा मिळत्यात, पन तुला काय उपेग? शनिवारी तुझं लिलाव."

"शनिवारी म्या मोकळा आसतो."

"हा शनिवार?"

"बहुतेक समदेच," लायल म्हणाला. "लिलाव आला तर आठवडाभर आदी सांगीन तुला. लई यायचं न्हाईत."

डुएननं त्याच्याकडं बघितलं. मग टेबलाच्या खणातून अर्ज काढून पुढं सरकवला. "सोमवारी लघवी तपासायला जायचं. आन् बसमदी वरडायचं न्हाई. त्या पोरांचं कान आदीच गेल्यात."

"मला कुटं वरडता येतं?" लायल म्हणाला आणि पेन मागून घेतलं.