दुधनाकाठी, आपलीच भाकरी थापत

फिरतीच्या नोकरीत पोट सांभाळणं किती अवघड, हे मी निजामाच्या राज्यात परभणीला गुरांचा डॉक्टर असताना शिकलो. महिन्यातले वीस दिवस खेड्यांत जायचे. एका पावसाळ्यात कुठल्याशा आडाचं पाणी बाधलं आणि दीड महिना अंथरूण धरलं. उठलो ते नियम करूनच. पहाटे दोन कोस झपाझप चालायचं, उगवतीला शंभर नमस्कार, पीठ-डाळ आपली, पाणी उकळलेलं, कुणाच्या घरचा घास नाही. वर्षभरात जुना सदरा दंडात बसेनासा झाला.

त्या चैत्रात दुधना नदीकाठच्या गावांत बुळकांडीनं गुरं मरू लागल्याची खबर आली. लशीच्या बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून निघालो. त्या तीन दिवस टिकतील, फार तर. झरीपर्यंत टांगा मिळाला. पुढे काळ्या रानातली गाडीवाट, सावलीला झाड नाही. कुणी जाणार असाल तर पाणी झरीतच भरून घ्या. तिथला गूळही चांगला.

नदीच्या अलीकडच्या गावात भर दुपारी पोचलो. सगळी दारं बंद. चुलींचा धूर मात्र निघत होता. आडावरचा पोहरा अजून हलत होता. एका गोठ्यात डोळ्यांतून पाणी गाळणारा बैल उभा होता. मी हाका मारल्या. एका दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मारुतीच्या देवळात पथारी टाकली, तीन दगडांवर खिचडी रांधली. सकाळी चालून, नमस्कार घालून परतलो, तर माझ्या चुलीभोवती कुणीतरी राखेचं रिंगण घातलेलं. पथारीच्या उशाशी मरीआईचा गाडा. वीतभर लाकडी गाडा, त्यात हिरव्या बांगड्या, दहीभात, कडुलिंबाचा पाला. रोगराईला गावाबाहेर घालवताना ठेवतात तो. त्याचं तोंड माझ्या पुढच्या वाटेकडे होतं. गोठ्यात गेलो, दावं कापून बैल नेलेला. दुपारपर्यंत थांबलो. दारांच्या फटींतून कुणीतरी बघतंय, एवढंच जाणवत राहिलं.

नदी गुडघाभर होती. पलीकडे पन्नाशीची एक धनगरीण मेंढ्या राखत होती. ती पळाली नाही, नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली.

"काय बघता, मावशी?"

"पाय. सुलटे हायत."

मी कोण ते सांगितलं. ती हसली नाही.

"लोकं येगळंच म्हनायलेत. बुळकांडी मानसाचं रूप घिऊन फिरायलीय म्हनत्यात. अंधारात वाऱ्यावानी चालती, उगवतीला मातीत पालथी पडती. कुनाच्या घरचं खात न्हाई, कुनाच्या आडाचं पित न्हाई. जिथं जाती तिथं ढोरं पडत्यात."

मी जायचो तिथं गुरं आधीच आजारी असायची, हे कुणाला सांगणार?

"मग मी काय करू?"

"खा की. समद्यांच्या म्होरं."

तिनं मला पलीकडच्या गावच्या पारावर नेलं. तिथंही दारं बंद. फडक्यातली भाकरी काढली, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला, अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी मला दिली. आडाचं पाणी शेंदून समोर ठेवलं. पाणी गढूळ होतं. मी क्षणभर थांबलो, मग खाऊ लागलो. दुसऱ्या घासाला नाका-डोळ्यांतून पाणी आलं आणि उचकी लागली. काही केल्या थांबेना.

एका दाराआडून म्हातारा बोलला, "आरं, उचकी लागली की त्याला. पानी पाजा."

मी तेच गढूळ पाणी घटाघटा प्यालो. ते दार उघडलं. मग दुसरं. त्या संध्याकाळी उजेड होता तोवर आणि दुसऱ्या सकाळी मी लस टोचत राहिलो, बाटल्या संपेपर्यंत.

परतताना अलीकडच्या गावावरून आलो. धनगरीण पुढे जाऊन बोलली होती, दारं उघडी होती. गोठे रिकामे होते, शिवेवर गिधाडं उतरली होती. ज्याचा बैल मी पाहिला होता, त्या शेतकऱ्यानं घोंगडी अंथरली. "बसा. जेवून जावा," एवढंच म्हणाला. मी जेवलो. त्यानं गुरांचा विषय काढला नाही, मीही नाही.

घरी येऊन चार दिवस हगवणीनं हैराण झालो. बायको ताकभात भरवत म्हणाली, "एवढे नियम पाळता, मग कुठं चुकलात?"

चुकलो होतो खरा. अलीकडच्या गावात त्या पहिल्या मुक्कामाला मी एकही नियम मोडला नव्हता.