सरांच्या कोडमधली एक ओळ

कोपरगावच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचे, तेव्हा सर आमचे विभागप्रमुख होते. नेटवर्कवर बोलायची विंडोजची रीत वेगळी, लिनक्सची वेगळी. सरांनी वर्षानुवर्षं खपून असं फ्रेमवर्क लिहिलं होतं की प्रोग्राम एकदाच लिहावा आणि तो दोन्हीकडे चालावा. ते त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. कुठकुठल्या देशांतले लोक ते वापरत, अडलं की पत्र पाठवत. निवृत्तीनंतर सर सोनईला शेतावर राहायला गेले, तरी आम्ही दोघंच ते सांभाळत होतो.

मग सरांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचाही जवळजवळ गेली.

जुना कोड साफ करताना मला एक ओळ दिसली. कनेक्शन बंद करण्याआधी प्रोग्राम क्षणभर थांबवणारी. का थांबायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी ओळ काढून चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. नवी आवृत्ती प्रसिद्ध केली.

तीन आठवड्यांनी एका परदेशी बाईचं पत्र आलं. नदीची पातळी मोजणाऱ्या त्यांच्या जुन्या यंत्रांचा शेवटचा संदेश मधूनच हरवत होता. एकदा पुराचा इशारा पोचलाच नाही. माणसं वाचली, गोठ्यातली जनावरं बुडाली. तिनं दोष दिला नव्हता. काय बदललंत, एवढंच विचारलं होतं. मी त्याच दिवशी ओळ परत घातली आणि चूक माझी आहे असं कळवलं. पण तशा आणखी दोन ओळी मी इतरत्र काढल्या होत्या, आणि त्यांचं कारणही फक्त सरांनाच ठाऊक होतं.

तो कोड कागदावर छापून घेऊन मी सोनईला गेले. सर ओसरीत खुर्चीवर होते. त्यांनी डाव्या हाताचं बोट एकेका ओळीवरून फिरवलं, मी ओळ काढलेल्या जागी बरोबर थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"उद्या," ते म्हणाले.

मला वाटलं, उद्या सांगतील. मी मुक्कामाचं विचारणार, तेवढ्यात सरांच्या पत्नी, काकू, आतून आल्या.

"समद्यालाच उद्या म्हनत्यात, ताई. जेवायलाबी उद्या, मलाबी उद्या."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना कारण आठवत होतं, याची मला तेव्हाच खात्री पटली.

घरी येऊन मी त्या दोन ओळीही न समजता परत घातल्या.

उन्हाळ्यात सर गेले. फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना मी बातमी कळवली, तशी चाळीसेक पत्रं आली. ती मराठीत करून काकूंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"एवढी मानसं वळखत हुती ह्यांना," त्या म्हणाल्या, "आन् आमाला एकाचंबी त्वांड ठावं न्हाई."

मग त्यांनी विचारलं, आता हे कोण बघतं. मीच, म्हटलं. एकटीच? हो.



दोन महिन्यांनी मी जाहीर केलं की फ्रेमवर्कमध्ये आता कुणी बदल करणार नाही; कुठल्या ओळीमागं काय कारण आहे, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. लोक अजून ते वापरतात. पत्रं येतात. मी उघडते, उत्तर लिहीत नाही.