दादाचं पोर्तुगाल

माझा चुलतभाऊ कुंभिवलीला हायवेलगतच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. तिथे कुणी नवीन कामाला लागलं की जुने लोक सांगतात, "ह्यो फॉरेनला फुटबॉल खेळलाय." दादा मान खाली घालून हसतो आणि टेंपोत माल नीट लागलाय का बघायला जातो.

तो खरंच खेळला आहे. मुंबईतल्या एका स्पर्धेत कुणीतरी त्याला पाहिलं आणि तो पोर्तुगालमधल्या एका छोट्या गावच्या क्लबात गेला. त्याच्या डाव्या पायात काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. चेंडू त्याच्याकडे आला की मैदानावरची घाई संपल्यासारखी वाटायची, एवढंच.

घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसते, पण त्या वर्षी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्लिश मीडियमची मी एकटी. खेळातले शब्द दादा तिथे शिकला होता. कोचना काही सविस्तर सांगायचं असलं की मात्र दोघं मिळून मला व्हिडिओ कॉल करायचे. मी भिसेगावच्या आमच्या घरात, आणि शेजारी काकी, म्हणजे दादाची आई, मुलाचं तोंड सुकलंय का ते निरखत.

दादा बहुतेक वेळा बदली खेळाडू असायचा. पुढच्या वर्षी त्याला ठेवायचं की नाही, हे शेवटच्या दोन सामन्यांवर ठरणार होतं. त्याआधी कोचनी मला सांगितलं, "त्याला विचार, रविवारी सुरुवातीपासून खेळायचंय का?"

मी विचारलं.

"सांग त्यांना, तुमी ठरवाल तसं," दादा म्हणाला.

मी तसंच सांगितलं. कोच म्हणाले, "ठरवेन मीच. पण त्याला काय हवंय?"

"सर म्हणतील तसं." दादाचे कान लाल झाले होते.

काकी खूश. "बघ गं, किती वळण हाय पोराला."

मलाही ते उत्तर बरोबरच वाटलं. आमच्याकडे चहा घेणार का विचारलं की "कशाला" म्हणायचं, आणि चहा येतो. जेवताना आपण पुरे म्हणतो आणि वाढणारी वाढते. हवंय असं तोंडाने म्हणणारा हावरट. कोचना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी पुरे ऐकलं आणि भांडं उचललं. रविवारी दादा बाकावर बसून राहिला.

पुढच्या कॉलवर कोचचा आवाज मऊ होता. ते दादाला ठेवणार नव्हते. "सरावात याच्यासारखा कुणी नाही," ते म्हणाले, "पण याला खेळायचंय की नाही, हे मला कधी कळलंच नाही."

मी ते हळूहळू मराठीत सांगितलं. दादा जॅकेटची चेन वर-खाली करत राहिला.

काकीने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतोय गं तो? घरी पाठवतोय का?"

"हो, काकी."

"मग येऊ दे की. तिकडं मेला भात पण धड मिळत नाय."

"आये, गप जरा," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "अजून एक मॅच हाय ना. त्यांना म्हणावं, मला खेळायचंय. असंच सांग, वाढवू नको काय."

मी तेवढंच सांगितलं. कोच माझ्याऐवजी थेट त्याच्याकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. दादाने मान हलवली. त्या वेळी माझी गरज लागली नाही.

तो सामना कुठे दाखवला नाही, त्यामुळे दादा कसा खेळला ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. परत आला तेव्हा काकीने जेवताना विचारलं, तर म्हणाला, "बरा खेळलो." तो हाफ पँटमध्ये बसला होता आणि डाव्या मांडीवर गवताने खरचटल्याची लांब खूण होती, अजून पुरती न वाळलेली. काकी त्यावर हळद लावायला उठली, तर म्हणाला, "राहू दे गं."