दुश्मनाला खांदा

कुणाचीही मयत दिसली की अप्पा असतील तिथं थांबत, डोक्यावरचा रुमाल सारखा करत आणि खाडकन सलाम ठोकत. जात विचारत नसत, नावही नाही. "गेलेल्याशी कसली दुस्मनी?" एवढंच म्हणत.

भालकी तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या बौद्धवाड्यात, ते समोरच्या घरी राहत. फौजेतून हवालदार होऊन परतलेले. तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसला असता, तर एकाहत्तरच्या लढाईतली ती गोष्ट तुम्हालाही ऐकावी लागली असती.

त्यांच्या ठाण्याजवळ शत्रूचं विमान कोसळलं. वैमानिक जागीच ठार. आदल्याच दिवशी अशाच एका विमानाच्या बाँबनं अप्पांचा जोडीदार गेला होता. साहेबांचा हुकूम आला, याला फौजी इतमामानं मूठमाती द्यायची. पेटी उचलणाऱ्यांत अप्पा.

"लई राग आला बघ," ते सांगत. "पण पेटी खांद्यावर आली आन् वाटलं, ह्यो बी कुणाचं तर लेकरूच की. मौलवीनं दुआ वाचली. आमच्या जवानांनी हवेत तीन बार काढले. लढाईत लई बार ऐकले, पण छाती भरून आली ती ह्या तीन बारांनी."

काही वर्षांपूर्वी माझी चुलती वारली. स्मशानाची आमची वाट एका शेतातून जायची. भावाभावांत वाटण्या होऊन ते रान नव्या मालकाकडं आलं होतं, आणि त्यानं वाटेवर काट्या लावल्या होत्या. तो स्वतः आडवा उभा. आमच्यातली तरणी पोरं तापली. आम्ही तिरडी टेकवणार, तोच अप्पा म्हणाले, "खाली ठेवू नका," आणि पुढं गेले.

"कामून अडवायलास, अण्णा?"

"माझं रान हाय. पेरलंय. वड्यातून न्या."

"वड्याला पाणी हाय. ऐक, मी दुश्मनाला खांदा दिलाय. त्येनं आमच्यावर बाँब टाकलेते, तरी त्येला मानानं नेलं. ह्या बाईनं तुझ्या मायसंग जल्मभर ह्येच रान खुरपलं. तिला वाट न्हाई व्हय?"

मालक तिरडीकडं बघत राहिला. मग वाकला आणि काट्या ओढू लागला. दुसरं टोक अप्पांनी धरलं. तिरडी खाली न टेकता पुढं गेली. थोड्या अंतरावर मालकानं एका पोराला बाजूला करून स्वतः तिरडीला खांदा दिला.

पुढं पंचायतीनं तिथं मुरूम टाकला. वाट कायमची झाली.

यंदा दिवाळीनंतर अप्पा गेले. हलगी कडाडत होती आणि गाव वाटेवर मावत नव्हतं. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. पिकात पाय टाकायला कचरून माणसं कडेला थबकली, तसा मालक स्वतःच पिकात शिरला आणि हात करून म्हणाला, "उतरा की रानात. या, समदे या."