मागच्या जन्माचं मला सांगू नका

दसऱ्याचा दिवस होता. उल्हासनगर, पाच नंबर कॅम्प. जीन्स धुण्याच्या कारखान्यात मशीनची पूजा झालेली. ड्रमला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, पुढं फोडलेला नारळ. शेठाणी पेढे वाटत होती. माझ्या बायकोनं ओंजळ पुढं केली.

"हाथ पीछे ले. पल्लू पसार."

हात कोपरापर्यंत निळे तिचे. रंगाच्या पाण्यात घालून घालून. पेढा वरून पदरात पडला. शेठ बोलला, "पिछले जनम के पाप हैं, बाई. रगड़ती रह, धुल जाएँगे."

सगळे हसले. तीपण हसली. मी बॉयलरपाशी उभा होतो. ड्रमला हार. आणि ड्रम भरणाऱ्या हाताला पेढा लांबून.

ब्लीचची पावडर टाकली की आत धूर कोंडायचा. डोळे जळायचे, छाती भरायची. तिनंच एकदा बायकांतर्फे सांगितलं, मागच्या भिंतीत पंखा बसवा.

"पंखा? इधर शादी है क्या तेरी?" शेठ बोलला.

बायका पदर नाकाला बांधून कामाला लागल्या.

मग तिच्या छातीत खोकला बसला तो उठलाच नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काम काय करते? मी सांगितलं. त्यानं कागदावर लिहिलं, ब्लीचचा धूर.

आमच्या घरात देव नव्हते. बापानं दीक्षा घेतली आणि देव्हारा उचलून उल्हास नदीत सोडला. देव बुडले, 'मागचा जन्म' हा शब्द नाही बुडला. तो खाटेवर तिच्या उशाशी येऊन बसला.

"अहो, मागल्या जन्मी मी कुणाचं वाईट केलं असंल?"

"कुणाचं नाही गं."

"लहानपणी चिमणीचं घरटं पाडलं होतं मी. ते असंल?"

"ते ह्या जन्मातलं, येडे."

हसायला गेली, खोकलाच आला. मग परत आठवत बसली. आपलं पाप शोधत शोधत गेली माझी बाई. सापडलं नाही तिला. नव्हतंच तर सापडणार कुठून.

मातीनंतर शेठ अंबरनाथला आमच्या घरी आला. खुर्ची दिली, चहा दिला. तिच्या फोटोकडं बघून म्हणाला, "करम का लिखा कौन टालेगा, भाई."

मी उठलो.

"शेठ, पिछला जनम मैंने देखा नहीं. तुम्हारी दीवार देखी है. उसमें पंखा नहीं है. उठो मेरे घर से."

चहा तसाच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहिलो. बायकांना म्हणालो, पंखा बसेपर्यंत पावडरीला हात लावू नका. काही थांबल्या. काही मान खाली घालून आत गेल्या, घरी पोरं होती. माझं काम गेलं.

आता म्हातारा झालोय. कुणाच्या मयतीला गेलो की एकजण तरी म्हणतोच, कर्माचे भोग. मी तिथंच विचारतो, कामाला कुठं होता? भिंतीत पंखा होता का? लोक चिडतात, म्हाताऱ्याला वेळकाळ कळत नाही म्हणतात. म्हणू द्या. तिच्या उशाशी बसला तो शब्द, मला हाकलता आला नाही. दुसऱ्या कुणाच्या उशाशी मी त्याला बसू देणार नाही.