खरात बाईंची शर्यत

खरात बाई नव्या माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी पाय. निमगाव सावाच्या शाळेत मी भूगोल शिकवायला रुजू झालो, तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या चपला निरखून त्या म्हणाल्या, "सर, दोन्ही बाजूंनी सारख्या झिजल्यात. तुमी नुसतं उभंच ऱ्हाता वाटतं." आणि चहाचा कप पुढे केला.

बाई आमच्या क्रीडाशिक्षिका. मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या. लहानपणी माळावर कळपामागे धावल्या त्या धावतच राहिल्या. पोरींची खो-खोची टीम त्यांनीच उभी केली होती.

त्या वर्षी क्रिकेटच्या पोरांनी तालुक्यात सामना जिंकला आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं, संध्याकाळचं मैदान क्रिकेटला. "शाळेतली सगळ्यात वेगवान मुलं आहेत ती. नाव काढतील," ते म्हणाले. मैदान गेलं तर पोरी शाळा सुटल्या सुटल्या घरी कामाला जुंपल्या जातील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण त्या भांडल्या नाहीत. "सर, वेगवान म्हणताय ना, मंग पळवून बघू," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी सगळी शाळा मैदानाभोवती जमली. क्रिकेटचा कॅप्टन ओंकार, फुटबॉल आणि कबड्डीतला एकेक गडी आणि खो-खोची पूजा, असे चौघे रेघेवर उभे राहिले. पहिली शर्यत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फुटबॉलवाला पहिला, ओंकार त्याच्या खांद्याला खांदा लावून दुसरा, पूजा शेवटची. मुख्याध्यापक हसले.

"आता फकस्त त्या दगडापर्यंत," बाई म्हणाल्या. अंतर इतकं थोडं, की बाकीचे वेग धरेपर्यंत कबड्डीवाला पोचलासुद्धा. "त्याला दोन पावलांत निसटायचं असतं," बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

तिसऱ्या वेळी खो-खोच्या खांबाला वळसा घालून परत यायचं होतं. तिघे जोरात गेले आणि खांबाच्या पुढे वाहवत गेले. ओंकार तर घसरून बसलाच. पूजा वाकली, खांबाला हात लावून गर्रकन वळली आणि एकटीच परत आली. पोरींनी तिला उचलून घेतलं.

"मग बाई, सगळ्यात वेगवान कोण म्हणायचं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"कुठं पळायचंय त्ये सांगा, मंग सांगते."

मुख्याध्यापक मनापासून हसले. त्याच संध्याकाळी मैदान चारी खेळांत वाटलं गेलं. सोमवारी ओंकार पूजापाशी गेला. "वळताना पाय कसा टाकते, दाखव की. दुसरी रन काढताना माझा लई घोळ होतो." तिने तोऱ्यात दाखवलं. नंतर तो पटापट दोन-दोन रना काढू लागला. त्याचं श्रेय मात्र तो स्वतःच्या नव्या बुटांना द्यायचा. बाई ऐकून गालात हसायच्या.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. घरी बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. आता त्या डोंगरातल्या आहुप्याला जाऊन तिथल्या मुलींना खेळ शिकवतात. परवा फोनवर मी विचारलं, "मैदान कसं आहे तिथलं?"

"मैदान कुठलं, सर. नुसता चढ हाये. पोरी चढावरच पळत्यात," बाई म्हणाल्या. "मंचरला स्पर्धेला नेलं तर सपाटीवर थांबंनातच. शेवटी मीच आडवी उभी ऱ्हायले."