सुर्ल्याचा काटा का अडकला

आमच्या डिचोलीच्या गुरुदासला स्वतःच्या हुशारीचा भारी अभिमान. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक तोलायचा जो काटा आहे, त्याचा प्रोग्राम त्याने लिहिला होता आणि ते तो लग्नाच्या पंगतीतही सांगायचा. काट्याच्या केबिनमध्ये सत्यवती बसायची, सिंधुदुर्गातून आलेल्या कुटुंबातली. पाळी संपली की एक बटण दाबून प्रोग्राम बंद करायचा, एवढंच तिला शिकवलं होतं.

एका संध्याकाळी तिने बटण दाबलं आणि प्रोग्राम बंदही होईना, चालेही ना. ट्रकांची रांग लागली. गुरुदास धावत आला आणि ड्रायव्हरांच्या देखत म्हणाला, "शिकवून काय उपयोग? भलतंच काहीतरी दाबून ठेवलं हिने." सुपरवायझरने दुसऱ्याच दिवशी तिला रस्त्यावर सांडलेली लाल माती झाडायला लावलं.

प्रोग्राम मात्र तीन आठवड्यांनी पुन्हा अडकला, आणि तेव्हा केबिनमध्ये दुसरंच माणूस होतं. आता गुरुदास मुकाट्याने स्वतःचं लिखाण तपासायला बसला.

प्रोग्राममध्ये तीन थ्रेड, म्हणजे कामाचे तीन स्वतंत्र धागे, एकाच वेळी काम करत. एक वजन वाचायचा, एक पावती छापायचा, एक नोंद डिस्कवर लिहायचा. नोंदीत दुसऱ्याने मध्येच हात घालू नये म्हणून तिला कुलूप होतं. बटण दाबलं की 'बंद हो' असा सिग्नल जायचा, पण तो साऱ्या प्रोग्रामच्या नावाने. ज्याने तो अडवलेला नाही असा कुठलाही एक थ्रेड ऑपरेटिंग सिस्टीम निवडते, आणि त्याच्या हातातलं काम तिथेच थांबवून त्याला सिग्नल देते. सकाळी पाव विकणारा पोदेर भोंग्याचं पोंपों वाजवतो ते अख्ख्या घरासाठी. पाव घ्यायला कोण बाहेर येईल ते त्याच्या हातात नसतं. मोकळा असेल तोच येईल, असं गुरुदासने खुशाल गृहीत धरलं होतं. त्या संध्याकाळी सिग्नल नेमका नोंद लिहिणाऱ्याला मिळाला. कुलूप त्याच्याच ताब्यात, आणि बंद होण्याआधी शेवटची नोंद करायला पुन्हा तेच कुलूप हवं. तो स्वतःचीच वाट बघत बसला, आणि बाकीचे त्याची.

दुरुस्ती सोपी होती. सगळ्या थ्रेडना तो सिग्नल अडवायला लावायचा आणि फक्त त्याचीच वाट बघणारा एक वेगळा थ्रेड ठेवायचा. ते झालं. पण त्या बाईला आपण काय बोललो, या विचाराने गुरुदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हायलाच हवं होतं.

शेवटी तो सुर्ल्याला गेला, सत्यवतीला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "ताई, चूक माझी होती. माफ करा."

झाडू तिच्या हातातच होता. "त्या दिसा सगळे ड्रायव्हर आयकत होते," ती म्हणाली. "आज तुमी दार कित्याक लावलास?"

गुरुदासने दार उघडलं. बाहेर इंजिनं धडधडत होती, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागलं. पुढच्या ट्रकातल्या बाबली ड्रायव्हरला तरी ऐकू आलं नाही. त्याने इंजिन बंद केलं. मग मागच्यांनीही केलं. त्या शांततेत गुरुदासने पुन्हा सांगितलं, की काटा अडकला तो माझ्या चुकीने, सत्यवतीच्या नव्हे.

बाबली खिडकीतून वाकला. "मगे ही म्हयनोभर रस्तो कित्याक झाडता?"